पासंग

बोहरी आळीत, चाळण्या आणि पत्र्याच्या डब्यांच्या रांगेत
अंग चोरून बसलेलं आमचं दुकान:
पोटफोडे, वजनकाटे दुरुस्ती.
आलेला तराजू दादा आधी तोलत नाहीत,
पारडं उलटं करतात.
तळाला चिंचेचा गोळा, मेणाचं बोट,
एकदा तर चक्क लोहचुंबकाची चकती.
"पासंग," म्हणतात, "दिसत नाही म्हणून तर लावतात."

मी पाषाणला असते.
तिसरा मजला, खिडकीत टेकडीचा उघडा तुकडा,
आणि मी ज्याच्यामागे आहे तो न्यूट्रिनो
पासंगालाही पुरत नाही.
अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला अब्जावधी आरपार जातात,
नखाला पत्ता नाही.
वजन शून्य, असंच आम्ही वहीत लिहीत आलो.
मग कळलं, ते वाटेत रूप पालटतात,
आणि वजनच नसेल तर हे जमत नाही.
म्हणजे आहे. काहीतरी आहे.
इलेक्ट्रॉन हत्ती धरला
तर हा फार तर चिंचोका.

इतका हलका का,
हे दादांना विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.
ते दांडीची धार कानशीनं घासत होते.
मान वर न करता म्हणाले,
"एक पारडं एवढं वर गेलंय,
तर दुसऱ्यात काय ठेवलंय ते बघा की."

याचं गणित आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून आहे.
एका टोकाला फार जड कुणी बसला
की दुसरं टोक आपोआप उचललं जातं.
मी हे त्यांना सांगितलं नाही.
दोन वर्षं तो जड जोडीदार शोधला.

दूर तिकडे, जमिनीखाली, प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतो.
त्या धुमाळीत तो जन्मला, तर
कसलीही खूण न ठेवता वीतभर चालेल
आणि मग फुटेल.
रेघा टकरीच्या जागेतून नाही,
वीतभर पुढून निघतील, मोकळ्यातून.
त्या वितेवर माझा पहारा.
बहुतेक वेळा ते नळीचं धातू निघतं.
कधी आकाशातून भरकटत आलेला म्यूऑन.
एकदा नुसता बिघडलेला सेन्सर,
आणि मी तीन रात्री झोपले नव्हते.

तो जिथे सापडू शकतो तो कोपरा
आम्ही स्वतःच झाकून ठेवतो,
आशेनं आकडे वाकू नयेत म्हणून.
मंगळवारी रात्री साडेअकराला झाकण काढलं.
जिनिव्हात आठ वाजले होते,
कुणाच्या तरी माइकमधून काटेचमच्यांचा आवाज येत होता.
शेजारी यास्मिन मुलाणी, हातात ओली झालेली भेळेची पुडी.
अपेक्षित: शून्य पूर्णांक आठ.
दिसले: एक.

एक.
यास्मिननं पुडी खाली ठेवली.

मग आम्ही तो एक उघडला, फिरवला, आतून पाहिला.
रेघा जिथे मिळत होत्या
तिथे पोलादाची एक कंसपट्टी होती,
कुणीतरी कधीतरी स्क्रूनं घट्ट बसवलेली.
माइक एकेक करून बंद झाले.
आलेखावर मी एक वाकडी रेघ काढली.
रेघेच्या वर: नाही.
खाली: अजून बघितलेलं नाही.

सकाळी दुकानात गेले.
दादांपुढे मंडईतल्या कुणाचा तरी तराजू, दोन्ही पारडी रिकामी.
"सापडलं?"
"नाही. इथपर्यंत तरी नाही."
त्यांनी पारडं उलटं केलं, तळावरून बोट फिरवलं,
बोटाचा वास घेतला.
साखळीची एकेक कडी चिमटीत धरून पाहिली.
"इथेही नाही," म्हणाले.

काटा मात्र
केसभर डावीकडेच.